दहा बोटांचे सोनावणे

आमच्या कारखान्यात नवा माणूस बोटांवरून ओळखू यायचा. दहाच्या दहा शाबूत असली की समजायचं, हा नवा. जुन्यांपैकी प्रत्येकाचं काही ना काही गेलेलं असे. कुणाचं एक पेर, कुणाचं अख्खं बोट, कुणाची दोन. आणि त्याचं कुणाला फारसं काही वाटतही नसे. तंबाखू मळणं, पत्ते पिसणं, शर्टाची बटणं लावणं, सगळं उरलेल्या बोटांनी झकास चालायचं. नवल वाटायचं ते फक्त सोनावण्यांचं. सोनावणे अठरा वर्षं प्रेसवर काम करून आले होते आणि त्यांची दहा बोटं जशीच्या तशी होती. लोक त्यांच्या हातांकडे चोरून बघत आणि ते वळले की गप्प होत.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला मी अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या या कारखान्यात नर्स म्हणून लागले. तिथे पंख्यांचे लोखंडी भाग बनत. एक लांबच लांब शेड आणि तिच्यात दोन्ही बाजूंना ओळीने उभे प्रेस. पायाखालचं पायडल दाबलं की वरून लोखंडी ठोकळा खाली येतो, खालच्या साच्यावर ठेवलेला पत्रा कापतो आणि पुन्हा वर जातो, हे झालं प्रेसचं काम. साच्याला तिथे डाय म्हणत. मध्ये पत्रा असला तर पत्रा, हात असला तर हात, ठोकळ्याला दोन्ही सारखंच. माझ्या प्रथमोपचाराच्या खोलीची खिडकी याच शेडमध्ये उघडायची. मी सरकारी दवाखान्यात पाच वर्षं काढून आले होते, त्यामुळे रक्ताची भीती मला नव्हती. सोनावण्यांची मात्र पहिल्याच आठवड्यात बसली.

सकाळी दहाच्या सुमाराला मी कपाट लावत होते. मागे कुणीतरी आहे असं वाटून वळले तर हे दारात उभे. सडपातळ, काळेसावळे, इस्त्रीचा खाकी शर्ट, डोक्यावर हिरवं हेल्मेट. केव्हापासून उभे होते देव जाणे.

"सिस्टर, बर्फ आहे का?"

"आहे. कुणाला लागलंय?"

"अजून कुणाला नाही."

नव्या नर्सची थट्टा सगळीकडेच करतात, म्हणून मी हसले. ते हसले नाहीत. "गॉज काढून ठेवा," ते म्हणाले, "आणि गाडीच्या ड्रायव्हरला लवकर जेवून घ्यायला सांगा. बाराच्या आसपास तो इथे लागेल." एवढं बोलून ते गेले, आणि मी मनात म्हटलं, विचित्र माणूस आहे. पण काय कोण जाणे, गॉज काढून ठेवला.

बाराला दहा मिनिटं असताना सात नंबरच्या प्रेसवरच्या नामदेवला दोघांनी धरून आणलं. उजव्या हाताचं मधलं बोट गेलं होतं. गॉज टेबलावर तयार होता, बर्फ तयार होता, गाडी दारात तयार होती. नामदेवला गाडीत घातलं आणि मी टेबल पुसायला लागले. सगळं तयार होतं, याचीच मला भीती वाटली. संध्याकाळी मी सोनावण्यांना गाठून चांगलंच सुनावलं. "तुम्हाला माहीत होतं तर थांबवलं का नाही?"

"थांबवायला गेलो होतो. सुपरवायझर म्हणाला, माल आजच जायचाय. मग तुमच्याकडे आलो."

"पण तुम्हाला कळलं कसं?"

"नामदेव काम करताना गुणगुणतो," ते म्हणाले. "दीड वर्ष ऐकतोय. आज सकाळपासून गप्प होता. असा माणूस जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकत नाही."

मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी शेडमध्ये जी समजूत पक्की होती ती हलली नसती. सोनावणे ज्याच्या मागे उभे राहतात त्याचं बोट जातं, अशी ती समजूत होती. आणि ते उभे राहिले की बोट जायचंही, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं.

त्यांना सेफ्टी इन्स्पेक्टर कुणी विचार करून केलं होतं असं नाही. एकदा सरकारी साहेब तपासणीला आले आणि त्यांनी विचारलं, तुमचा सेफ्टीचा माणूस कोण? आमच्या मॅनेजरसाहेबांनी जवळ उभ्या असलेल्या ऑपरेटरकडे बोट दाखवलं. ते सोनावणे. दुसऱ्या दिवशी त्यांना हिरवं हेल्मेट मिळालं, बाकी काही मिळालं नाही. सोनावण्यांनी ते हेल्मेट जेवढं मनावर घेतलं तेवढं आमच्या साहेबांनी साहेबपण घेतलं नसेल. ते कुणावर ओरडत नसत. भिंतीवर पाट्या लावत नसत. एक रिकामं पिंप उपडं टाकून त्यावर बसायचे आणि एकाच माणसाकडे दिवसभर बघत राहायचे. तो कुठल्या पायावर भार देतो, पत्रा सरकवताना श्वास धरतो का, मुकादम आला की त्याचे खांदे कसे होतात. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस. सकाळी गेटवर उभे राहून आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "आज कुठे आहेस?"

"इथंच की, काका. अजून कुठं?" असं म्हणून माणूस पुढे सटकायचा. पण कुणाकुणाला ते हात धरून थांबवत आणि म्हणत, "नाही. तू घरी आहेस. आज पॅकिंगला जा." त्या माणसाचं पोर आजारी असे, नाहीतर आदल्या दिवशी बायको माहेरी गेलेली असे, आणि त्याने हे कुणालाच सांगितलेलं नसे. पॅकिंगला गेलेल्याचं काही होत नसे, त्यामुळे त्याची गोष्टही होत नसे. जे पॅकिंगला गेले नाहीत त्यांच्या गोष्टी मात्र उल्हासनगरच्या कॅम्प चारपर्यंत पोचत.

आणि त्यांची ती वही! बिनरेघांच्या वहीत एकेका पानावर एकेका कामगाराचा पंजा पेन्सिलीने आखलेला होता. लहान मुलं कागदावर हात ठेवून आखतात तसा. आत बारीक अक्षरात त्या माणसाच्या सवयी लिहिलेल्या. बोट गेलं की ते वही उघडून तेवढं बोट खोडरबराने पुसायचे. मी एकदा ती चाळली आणि लगेच मिटली. पुसलेल्या जागी पेन्सिलीचा अंधुक व्रण राहिलेला होता, पानामागून पान.

मी राहायचे उल्हासनगरात. शेजारच्या सिंधी भाभींना हे सगळं सांगितलं तर त्यांनी कानाला हात लावले. "दीदी, उसकी नजर भारी है. टेबल में नींबू रखो, मेरी बात सुनो." मी शिकलेली बाई, परीक्षा पास झालेली नर्स. मी हसून विषय बदलला आणि दुसऱ्या दिवशी ड्रॉवरमध्ये लिंबू ठेवलं. पुढचे सहा महिने दर सोमवारी बदलत होते.

दसऱ्याला आठेक दिवस असताना सोनावणे जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आले. "सिस्टर, तुमचं रजिस्टर काढा. अपघाताच्या वेळा वाचा."

मी वाचायला लागले. दहा वाजून अकरा मिनिटं. साडेबारा वाजून तीन मिनिटं. पुन्हा दहा-अकरा. नामदेवसारखे चार-दोन सोडले तर बहुतेक सगळे असेच. चहाची सुट्टी दहा ते दहा-दहा, जेवणाची साडेबाराला संपायची. या वेळा मीच माझ्या अक्षरात लिहिल्या होत्या आणि दोन वर्षांत एकदाही वर मान करून बघितलं नव्हतं. मला शरम वाटली.

"सगळे भोंग्यानंतरचे," ते म्हणाले. "चला, दाखवतो."

शेड रिकामी होती. मोटारी बंद केलेल्या, पण प्रेसची वरची जड चाकं बराच वेळ आपोआप फिरत राहायची आणि तेवढ्या जोरावर एखादा ठोका सहज पडायचा. माणूस नाही, आवाज नाही, आणि ओळीने चाकं फिरताहेत. एका प्रेससमोर सोनावणे थांबले. त्यांनी एका लाकडी पट्टीला कामाचा हातमोजा बांधून आणला होता. मोज्यात चिंध्या कोंबून बोटं भरलेली होती.

"भोंगा झाला की माणूस धावत येतो. पाय आधी पायडलवर टेकवतो, सवयीने. दाबत नाही, नुसता टेकवतो. मग काय करतो?"

मला ठाऊक होतं. सगळेच करायचे. सुट्टीनंतर कामाला लागताना वाकून डायला हात लावायचा आणि तो कपाळाला लावायचा. पोटापाण्याच्या मशीनच्या पाया पडायचं.

सोनावण्यांनी पाय पायडलवर टेकवला, पट्टी पुढे केली आणि मोज्याने डायला स्पर्श करायला वाकले. खाड् आवाज झाला. ठोकळा खाली येऊन वर गेला आणि मोज्याची बोटं कागदासारखी चपटी झाली.

"मी दाबलं नाही," सोनावणे म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "शपथेवर सांगतो, सिस्टर, मी पाय दाबला नाही. वाकलो तसं वजन गेलं." ते स्वतःच्या पायाकडे परक्याच्या पायाकडे बघावं तसे बघत होते. शेडमध्ये आमच्याशिवाय आणखी कुणीतरी उभं आहे असं मला वाटलं आणि मी, त्यांना भिणारी, त्यांच्याच जवळ सरकले.

मी विचारलं, "आणि तुम्ही? अठरा वर्षांत?"

"मी मशीनच्या पाया कधी पडलो नाही," ते म्हणाले.

एवढंच त्या दहा बोटांचं गुपित. सोनावणे अंबरनाथच्याच बुवापाड्यात राहायचे. ते दहा वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातले देव बाहेर ठेवले. त्या दिवशी कंदील आपण धरला होता, असं त्यांनी मला नंतर कधीतरी सांगितलं. मशीन त्यांच्या लेखी मशीन होतं. वाकायचं कारणच नव्हतं.

पायडलवर लोखंडी झाकण बसवा म्हणून त्यांनी साहेबांना दोनदा लिहून दिलं होतं. साहेब म्हणाले होते, पुढच्या खेपेला. पाय काढून मग वाका असं माणसांना सांगितलं की दोन दिवस ती ऐकत, तिसऱ्या दिवशी विसरत. उरला एकच उपाय, डायला हात लावूच नका म्हणून सांगायचं.

"ते तुम्ही सांगा," सोनावणे म्हणाले. "मी सांगितलं की म्हणतील, सोनावणे आमचा देव बंद करायला निघालाय. तुमच्या तोंडून औषध म्हणून घेतील."

मी हो म्हटलं. आणि सांगितलं नाही. दसरा तोंडावर आलेला, सणाच्या आधी मशीनच्या पाया पडू नका म्हणून कोण सांगणार? दसरा झाला की सांगू, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. ही बाई सोनावण्यांच्या बाजूची, असं लोक म्हणतील याची मला भीती वाटली. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा भीतीच मोठी होती.

दसऱ्याला प्रेस धुऊन पुसून झेंडूच्या माळा घातल्या, कुंकवाची बोटं ओढली, नारळ फोडले. मी पेढा खाल्ला. शेडच्या पलीकडच्या दारात सोनावणे उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. मी मान वळवली.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. चहाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला, माणसं आत शिरली आणि मला तो आवाज आला. इतक्या प्रेसच्या धडधडीतून तो वेगळा कसा ऐकू आला सांगता येत नाही. मग एकेक प्रेस थांबत गेला. भोईर माझ्या खोलीत स्वतःच्या पायांनी चालत आला. बदलापूरच्या पुढच्या गावचा हा धिप्पाड माणूस मला शेवग्याच्या शेंगा आणून द्यायचा. डाव्या हाताने त्याने उजवं मनगट वर धरलं होतं. शर्टाला झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या.

"सिस्टर, मी पायडल दाबला नाय," तो म्हणाला. "दाबला नाय वो. मना काय झाला, सांगा ना."

मला माहीत होतं काय झालं ते. सगळ्या कारखान्यात दोघांनाच माहीत होतं. त्याची चार बोटं गेली होती. त्याच्या घरी दोन एकर भाताचं शेत होतं आणि त्यात हात घालणारा तो एकटाच होता.

भोईरला गाडीतून पाठवल्यावर सोनावणे आले. ते आता मला काहीतरी बोलतील, आणि त्यांनी बोलावंच, असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "बर्फ पुरला का?" मला रडू फुटलं. माझं रडणं संपेपर्यंत ते उभे राहिले.

"मी आत्ता जाऊन सांगते सगळ्यांना," मी म्हटलं.

"आता नको. आता म्हणतील देव कोपला. आणखी खाली वाकतील."

तसंच झालं. दुसऱ्या दिवशी भोंग्यानंतर माणसं डायला एक हात लावायची तिथे दोन्ही हात लावू लागली. काही जण कपाळ टेकवू लागले. मी खिडकीतून बघत होते आणि प्रत्येक वाकणाऱ्या पाठीबरोबर त्या आवाजाकडे कान लावत होते. सोनावणे तीन दिवस पिंपावर बसून होते. चौथ्या दिवशी ते पिंपावर नव्हते.

त्या दिवशी सकाळची पाळी आत आली तेव्हा प्रत्येक प्रेसच्या अलीकडे, दोन पावलांवर जो लोखंडी खांब होता त्याच्यावर छातीच्या उंचीला हळदकुंकवाचा टिळा होता. वर एक ताजा झेंडू. लावला कुणी ते कुणालाच माहीत नव्हतं. वॉचमन म्हणाला, मी कुणाला बघितलं नाही. माणसं थबकली, मग एकाने पुढे होऊन टिळ्याला हात लावला, कपाळाला लावला. मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. भोईरच्या रक्ताने देव जागा झाला आणि खांबात आला, असं दुपारपर्यंत सगळीकडे झालं. टिळा रोज ताजा असे. काही दिवस माणसं खांबालाही हात लावत आणि डायलाही. मग हळूहळू डायचा सुटला. खांबाशी नमस्कार झालेला असे, आणि एकदा झाला की हात मोकळा होऊन सरळ पत्र्याकडे जाई.

महिनाभराने सकाळची पाळी सुटल्यावर मी खोलीत शिरले तर माझ्या बेसिनपाशी सोनावणे पाठमोरे उभे होते आणि बेसिनमधून लालभडक पाणी वाहत होतं. मी किंचाळलेच. "कुणाला लागलं?"

"कुणालाच नाही," ते म्हणाले. कार्बोलिक साबणाने ते नखं घासत होते. सकाळी पाळी यायच्या आधी आणि दुपारी एक पाळी बाहेर पडून दुसरी यायच्या मधल्या वेळात ते एकटे आत जाऊन खांबांना कुंकू लावत आणि दुपारी घरी जाण्याआधी हात धूत. "सवय मोडायला गेलं की माणूस चिडतो, सिस्टर. दोन पावलं सरकवली तर त्याला कळत नाही." मग खालच्या आवाजात म्हणाले, "घरी सांगण्यासारखं नाही हे. बायकोला कळलं तर ती माझ्या ताटात वाढणार नाही. आणि तिचं बरोबर असेल."

चार वर्षं ते माझ्या बेसिनवर हात धूत होते. मी पाठ करून उभी राहायचे. सण असो, ताप असो, ते यायचे. त्यांनी एकदाही त्या खांबापुढे हात जोडलेले मी बघितले नाहीत.

मग मला बदलापूरच्या एका दवाखान्यात नोकरी मिळाली. शेवटच्या आठवड्यात, दुपारी पाळी सुटायच्या थोडं आधी, एक बाई खोलीत आली. पांढरी, निळ्या काठाची साडी, कपाळ मोकळं. "मी सोनावण्यांची मंडळी," तिने सांगितलं आणि बसायला सांगितलं तरी ती उभीच राहिली.

"सिस्टर, खरं सांगाल का? ह्यांच्या नखांत लाल असतं. चार वर्षं बघते. विचारलं तर म्हणतात, पंख्याचा रंग. पंख्याला इथे निळा रंग देतात, मला माहितीये. झोपेत हात धुतल्यासारखे चोळत राहतात. लोक म्हणतात, हे मागे उभे राहिले की माणसाचं बोट जातं. मला आता वाटायला लागलंय, ह्यांच्याच हातून..."

एकदा मी आठ दिवस गप्प बसले होते. या वेळी आठ क्षणही बसले नाही. भोईरपासून कुंकवापर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं, माझं चुकलेलंसुद्धा.

तिने बेसिनकडे बघितलं. मग म्हणाली, "कुंकू?"

"हो."

"पाया पडतात?"

"नाही. एकदाही नाही."

"आणि त्या माणसांची बोटं?"

"भोंग्यानंतर एकाचंही गेलं नाही. चार वर्षांत."

तेवढ्यात सोनावणे हात अंगापासून लांब धरून आत आले आणि बायकोला बघून त्यांनी झटकन दोन्ही हात पाठीमागे लपवले. कामगाराचा पडलेला खांदा शंभर पावलांवरून ओळखणारा हा माणूस, पण स्वतःच्या घरात कुणीतरी चार वर्षं आपल्याकडे बघतंय हे त्यांना दिसलं नव्हतं. मी सवयीने नळ सोडला होता. बाई पुढे आली आणि तिने तो बंद केला.

"राहू द्या. घरी चला."

"पोरं बघतील," सोनावणे म्हणाले.

"बघू देत. मी सांगेन त्यांना."

ते दोघं शेडमधून गेटकडे निघाले. समोरून दुपारच्या पाळीची माणसं येत होती, खांबाला हात लावून पुढे सरकत होती. मी खिडकीशी उभी राहिले. सोनावण्यांनी शेडमध्ये येणाऱ्या एकेकाचे पाय बघून घेतले. बाईने भर कारखान्यात, सगळ्यांदेखत, त्यांचा हात धरला होता. तिच्या बोटांना ते लाल लागलं होतं, आणि गेटबाहेर दिसेनाशी होईपर्यंत तिने ते पदराला पुसलं नाही.